विद्यापीठाचं एलएमएस बदलतंय? तुमच्या असाइनमेंट, मार्क आणि नोट्सचं काय होतं, समजून घ्या

"पुढील सत्रापासून सर्व विषय नवीन पोर्टलवर उपलब्ध होतील. जुने पोर्टल लवकरच बंद करण्यात येईल." अशी दोन ओळींची सूचना कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येते. सगळे अंगठा दाखवतात आणि विसरून जातात. मग एक दिवस जुनी लिंक उघडत नाही. दोन वर्षांचे प्रोजेक्ट रिपोर्ट, सरांनी लिहिलेले शेरे, सोडवलेल्या क्विझ, सगळं तिथेच राहिलेलं असतं.

एलएमएस बदलणं हे आता जगभरच्या विद्यापीठांत नेहमीचं झालं आहे. हे का होतं, पडद्यामागे नेमकं काय हलवलं जातं आणि विद्यार्थी म्हणून तुम्ही काय करायला हवं, ते या लेखात पाहू.

थोडक्यात सांगायचं तर

- शिक्षकांनी टाकलेला अभ्यासक्रम बहुतेक वेळा नव्या सिस्टीममध्ये येतो.
- तुम्ही केलेलं काम (जमा केलेल्या फाइल, क्विझची उत्तरं, चर्चेतल्या पोस्ट, शेरे) बहुतेक वेळा येत नाही.
- अंतिम निकाल एलएमएसमध्ये नसतो, तो परीक्षा विभागाकडे असतो. अंतर्गत मार्कांचं तसं नाही.
- जुनं पोर्टल चालू आहे तोवर स्वतःची कॉपी काढून ठेवा.

## एलएमएस म्हणजे काय?

एलएमएस म्हणजे लर्निंग मॅनेजमेंट सिस्टीम. एका विषयाचा वर्ग वेबवर चालवायला जे जे लागतं ते एका जागी देणारं सॉफ्टवेअर: नोट्स, व्हिडिओ, असाइनमेंट जमा करायची जागा, क्विझ, मार्क, सूचना, चर्चा. मूडल, कॅनव्हास, ब्लॅकबोर्ड, ब्राइटस्पेस ही त्यातली मोठी नावं. गूगल क्लासरूम हे २०१४ मध्ये आलेलं त्याचं हलकं रूप म्हणता येईल. आपल्याकडे आयआयटी मुंबईत मूडल वापरलं जातं, आणि महाराष्ट्रातल्या अनेक कॉलेजांत मूडल किंवा क्लासरूम दिसतं.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. विद्यापीठात सहसा दोन वेगळ्या सिस्टीम चालतात. एक एलएमएस, जिथे शिकणं होतं. दुसरी विद्यार्थी नोंदणीची सिस्टीम, जिथे प्रवेश, फी, परीक्षा फॉर्म, निकाल असतात. एलएमएस बदललं म्हणजे तुमचा प्रवेश किंवा निकाल हलला असं नाही. नोंदणीची सिस्टीम फक्त एलएमएसला कळवते की अमुक विद्यार्थी अमुक विषयाला आहे. म्हणूनच नवीन एलएमएसमध्ये एखादा विषय दिसत नसेल, तर पुष्कळदा अडचण एलएमएसची नसून नोंदणीची असते.

## जिथे एलएमएस जन्मलं त्या विद्यापीठालाही बदलावं लागलं

कॅनडातल्या व्हँकुव्हरची युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबिया, म्हणजे यूबीसी, याचं उत्तम उदाहरण आहे. साठ हजारांहून जास्त विद्यार्थ्यांचं हे विद्यापीठ. महाराष्ट्रातूनही दरवर्षी मुलं तिथे शिकायला जातात.

१९९५-९६ च्या सुमारास यूबीसीच्या कॉम्प्युटर सायन्स विभागातले प्राध्यापक मरे गोल्डबर्ग यांनी एक साधन बनवलं. वेबवर कोर्स उभा करायचा तर प्रत्येक शिक्षकाला एचटीएमएल कोड लिहिता यायला हवा, ही तेव्हाची अडचण होती. गोल्डबर्ग यांच्या साधनामुळे फॉर्म भरून, बटणं दाबून कोर्स तयार व्हायला लागला. नाव होतं वेबसीटी, म्हणजे वेब कोर्स टूल्स. काही वर्षांतच जगभरच्या विद्यापीठांत ते पोचलं.

मग ते एका अमेरिकन कंपनीने १९९९ मध्ये विकत घेतलं. २००६ मध्ये ते ब्लॅकबोर्ड या प्रतिस्पर्धी कंपनीत विलीन झालं. वेबसीटी हे नाव हळूहळू पुसलं गेलं आणि ग्राहक विद्यापीठांना ब्लॅकबोर्डच्या उत्पादनांकडे सरकावं लागलं. यूबीसीही सरकली. तिथल्या ब्लॅकबोर्डला ‘कनेक्ट’ असं स्थानिक नाव होतं. पुढे २०१८ च्या आसपास विद्यापीठाने कनेक्टही सोडलं आणि कॅनव्हास आणलं.

म्हणजे बघा, ज्या विद्यापीठात पहिल्या गाजलेल्या एलएमएसपैकी एक जन्मलं, त्याच विद्यापीठाला साधारण वीस वर्षांत आपली सिस्टीम एकाहून जास्त वेळा बदलावी लागली. त्यामुळे तुमच्या कॉलेजने बदल केला तर त्यात नवल नाही.

वेबसीटीच्या गोष्टीला एक शाखाही फुटली. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात कर्टिन विद्यापीठात मार्टिन डुगियामस नावाचा तरुण वेबसीटी सांभाळायचं काम करत होता. त्याला त्या सॉफ्टवेअरच्या मर्यादा खटकायला लागल्या. त्याचं लहानपण पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या दुर्गम भागात गेलेलं. शाळा होती ती रेडिओवरून आणि विमानाने येणाऱ्या पार्सलमधून. दुरून शिकणं म्हणजे काय हे त्याला माहीत होतं. त्याने स्वतःचं सॉफ्टवेअर लिहिलं, मूडल. त्याची पहिली आवृत्ती ऑगस्ट २००२ मध्ये आली. ती मोफत होती आणि तिचा कोड सगळ्यांना खुला होता. आज आपल्या कॉलेजात जे मूडल दिसतं, ते हेच.

## विद्यापीठं सिस्टीम का बदलतात?

कंपनी विकली जाते. वेबसीटीचं उदाहरण वर पाहिलंच. ब्लॅकबोर्डने २००९ मध्ये एंजल नावाची आणखी एक सिस्टीम विकत घेतली आणि पुढे ती बंद केली. खुद्द ब्लॅकबोर्ड २०२१ मध्ये अँथॉलॉजी या कंपनीत विलीन झाली. मालक बदलला की जुनं उत्पादन चालू ठेवायचं की नाही हे नवीन मालक ठरवतो.

करार संपतो. विद्यापीठ बहुतेक वेळा एलएमएस काही वर्षांच्या करारावर घेतं. करार संपला की नव्या निविदा निघतात. जुना करार वाढवायचा तर पैसे लागतात. म्हणून जुनं पोर्टल हवं तितके दिवस चालू ठेवता येत नाही.

मोबाइल. जुन्या सिस्टीम कॉम्प्युटरच्या मोठ्या स्क्रीनसाठी बनल्या होत्या. विद्यार्थी मात्र फोनवर आहेत. अ‍ॅप नीट नसेल तर सिस्टीम चांगली असूनही वापरली जात नाही.

स्वतःचा सर्व्हर की क्लाउड? मूडल मोफत आहे, पण ते चालवायला सर्व्हर, बॅकअप आणि माणसं लागतात. परीक्षेच्या दिवशी हजारो मुलं एकदम लॉगिन करतात आणि कॉलेजचा सर्व्हर बसतो, हा अनुभव बऱ्याच जणांना असेल. क्लाउडवर हा भार कंपनी सांभाळते. पण तिथेही धोका संपत नाही. २० ऑक्टोबर २०२५ ला अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवेत बिघाड झाला, आणि त्यावर चालणारं कॅनव्हास अनेक विद्यापीठांत एकाच वेळी बंद पडलं.

डेटा कुठे ठेवायचा? यूबीसी कॅनव्हासकडे गेलं तेव्हा ब्रिटिश कोलंबियाच्या कायद्यानुसार सरकारी संस्थांनी लोकांची वैयक्तिक माहिती कॅनडातच ठेवणं बंधनकारक होतं (हा नियम २०२१ मध्ये शिथिल झाला). म्हणजे सिस्टीम निवडताना फीचर्सइतकाच सर्व्हर कोणत्या देशात आहे हा प्रश्न महत्त्वाचा होता. भारतातही २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. त्यामुळे हे प्रश्न आपल्या कॉलेजांनाही पडणार आहेत.

## पडद्यामागे काय चालतं?

बदल एका रात्रीत होत नाही. साधारण क्रम असा असतो:

१. चाचणी. मोजके शिक्षक आणि मोजके विषय नवीन सिस्टीमवर घेतले जातात.

२. जोडणी. नोंदणीची सिस्टीम, लॉगिन, लायब्ररी, व्हिडिओ, कॉपी तपासणारं सॉफ्टवेअर हे सगळं नव्या एलएमएसला जोडलं जातं. बाहेरची साधनं एलएमएसला जोडण्यासाठी एलटीआय नावाचं मानक आहे. जुनी जोडणी आपोआप येत नाही, ती नव्याने करावी लागते.

३. सामग्री हलवणं. जुन्या सिस्टीममधून कोर्सची एक फाइल काढून नव्या सिस्टीममध्ये टाकली जाते.

४. दोन्ही चालू. एखादं सत्र काही विषय जुन्यावर, काही नव्यावर. विद्यार्थ्यांसाठी हा सगळ्यात वैतागाचा काळ. दोन अ‍ॅप, दोन कॅलेंडर, दोन ठिकाणच्या सूचना.

५. जुनं पोर्टल फक्त वाचण्यापुरतं. लॉगिन होतं, फाइल दिसतात, पण नवीन काही जमा करता येत नाही.

६. बंद. लिंक उघडत नाही.

तुमच्यासाठी महत्त्वाचा टप्पा पाचवा. सामान आवरायची मुदत तेवढीच असते.

## काय येतं, काय राहून जातं?

कोर्स एका सिस्टीममधून दुसऱ्या सिस्टीममध्ये नेण्यासाठी कॉमन कार्ट्रिज नावाचं एक सामायिक स्वरूप आहे. त्याची पहिली आवृत्ती २००८ मध्ये आली. घर बदलताना सामानाचे खोके भरतो ना, तसंच हे. खोका कोणी भरला हे महत्त्वाचं नाही, तो कुठेही उघडता येतो. पण या खोक्यात काय बसतं ते ठरलेलं आहे, आणि त्यात विद्यार्थ्याचं काम बसत नाही.

सहसा येतं:
- नोट्स, पीडीएफ, प्रेझेंटेशन
- कोर्सची पानं आणि वेबलिंक
- असाइनमेंटचा प्रश्न (उत्तर नाही)
- चर्चेचा विषय (त्याखालच्या पोस्ट नाहीत)
- साध्या प्रकारचे क्विझचे प्रश्न: बहुपर्यायी, चूक की बरोबर, रिकाम्या जागा

येतं, पण मोडकं:
- ओढून जागेवर ठेवायचे किंवा दर वेळी आकडे बदलणारे प्रश्न
- कोर्समधल्याच दुसऱ्या पानाकडे नेणाऱ्या लिंक (त्या जुन्याच पत्त्याकडे जातात)
- जुन्या सिस्टीममध्ये थेट अपलोड केलेले व्हिडिओ
- पानांची मांडणी आणि फॉन्ट

सहसा येत नाही:
- तुम्ही जमा केलेल्या फाइल
- तुमचे क्विझचे प्रयत्न आणि उत्तरं
- शिक्षकांचे शेरे
- चर्चेतल्या पोस्ट आणि आतले मेसेज
- कोर्सच्या मार्कवहीतले तपशील

विद्यापीठ हे का आणत नाही? एक तर प्रत्येक सिस्टीम विद्यार्थ्याची नोंद वेगळ्या पद्धतीने ठेवते. जुन्या सिस्टीममधला ‘प्रयत्न क्रमांक २, उशिरा जमा, दोन मार्क वजा’ हा तपशील नव्या सिस्टीममध्ये कुठे ठेवायचा, याचं सोपं उत्तर नसतं. दुसरं, संपलेल्या वर्षांची हजारो मुलांची वैयक्तिक माहिती नव्या कंपनीकडे गरज नसताना देणं योग्य नाही. हे कारण तुमच्या भल्याचंच आहे. आणि तिसरं, शिक्षकाला पुढच्या वर्षी कोरा कोर्स हवा असतो, त्यात मागच्या बॅचची उत्तरं नको असतात.

विद्यापीठाच्या बाजूने बघितलं तर हे बरोबरच आहे. पण यात विद्यार्थ्याचं नुकसान होऊ शकतं. कसं, ते बघू.

## सगळ्यात जास्त कोण अडकतं?

ज्याचं सगळं वेळेवर पास झालंय, त्याला फारसा फरक पडत नाही. अडकतात ते हे:

एटीकेटी असलेले. मागच्या सत्राचा विषय राहिलाय, त्याचा कोर्स जुन्या पोर्टलवर होता. यंदा तो विषय नव्या पोर्टलवर नव्या बॅचसाठी उघडलाय, आणि त्यात तुमचं नाव नाही. जुन्या नोट्सही गेल्या, नव्याही दिसत नाहीत. इथे विभागाला अर्ज देऊन नव्या कोर्समध्ये नाव घालून घ्यावं लागतं. हे परीक्षेच्या आठवड्यात नाही, सत्राच्या सुरुवातीलाच करा.

अंतर्गत मार्कांबद्दल तक्रार असलेले. अंतिम निकाल परीक्षा विभागाकडे असतो, हे खरं. पण वीस मार्कांची असाइनमेंट तुम्ही वेळेत जमा केली होती, याचा पुरावा पुष्कळदा फक्त एलएमएसमध्येच असतो. जुनं पोर्टल बंद झालं की तारीख-वेळेसकट तो पुरावाही हाताबाहेर जातो. नंतर "आमच्याकडे नोंद नाही" असं उत्तर आलं तर दाखवायला काही उरत नाही.

गॅप घेतलेले. आजारपण, घरची अडचण किंवा नोकरी, कारण काहीही असो. बदलाची सूचना ज्या ग्रुपवर आली त्यात ते नसतात.

पुढे अर्ज करणारे. परदेशी प्रवेशासाठी किंवा नोकरीसाठी तुमचं लिखाण, प्रोजेक्ट, कोर्सचा सविस्तर अभ्यासक्रम मागितला जातो. दोन वर्षांनी शोधायला गेलात तर मिळत नाही.

## मराठीत काम करत असाल तर हे वेगळं तपासा

मराठी, इतिहास, शिक्षणशास्त्र, कायदा अशा विषयांत नोट्स मराठीत असतात. तिथे बदलाच्या वेळी काही खास अडचणी येतात.

जुने फॉन्ट. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आपल्याला मराठी दिसतो, पण कॉम्प्युटरच्या दृष्टीने ती रोमन अक्षरंच असतात, वरून मराठीचा मुखवटा घातलेली. असा मजकूर नव्या पानावर गेला की मुखवटा गळून पडतो आणि नुसती अगम्य अक्षरं दिसतात. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच भरलेला असेल तर ती नीट दिसते, पण त्यातला शब्द शोधायला किंवा कॉपी करायला गेलात की तीच गत. उपाय एकच, युनिकोड. तुम्ही फोनवर जे मराठी टाइप करता ते युनिकोडच असतं.

फाइलचं नाव. देवनागरीतलं फाइलचं नाव वेब पत्त्यात गेलं की प्रत्येक अक्षरचिन्हाची नऊ रोमन चिन्हं होतात. ‘निबंध’ या शब्दात न, वेलांटी, ब, अनुस्वार आणि ध अशी पाच चिन्हं आहेत, म्हणजे पत्त्यात ती पंचेचाळीस झाली. लांबलचक मराठी नावाची फाइल काही सिस्टीममध्ये म्हणूनच उघडत नाही किंवा तिचं नाव बिघडतं. जमा करायच्या फाइलचं नाव छोटं आणि रोमन अक्षरांत ठेवलेलं बरं. आतला मजकूर खुशाल मराठीत असू द्या.

आपोआप तपासली जाणारी उत्तरं. ‘दुसऱ्या’ या शब्दातला ‘ऱ्य’ दोन पद्धतींनी टाइप होतो. एकात खाली टिंब असलेला ‘ऱ’ आणि हलंत वापरतात. दुसऱ्यात साधा ‘र’, हलंत आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, कॉम्प्युटरला वेगळे. रिकाम्या जागेच्या प्रश्नात तुमचं बरोबर उत्तर चूक धरलं जाऊ शकतं. मराठी आकडे आणि इंग्रजी आकडे यांचंही तेच. नव्या सिस्टीमवरच्या पहिल्या क्विझमध्ये असं झालं तर स्क्रीनशॉट काढून शिक्षकांना दाखवा. ते स्वीकारायच्या उत्तरांत दोन्ही रूपं घालू शकतात.

## फोनवर काय बदलतं?

अ‍ॅप. मूडलचं अ‍ॅप जगभर एकच आहे. त्यात आपल्या कॉलेजच्या साइटचा पत्ता टाकावा लागतो. कॅनव्हासच्या विद्यार्थी अ‍ॅपमध्ये विद्यापीठाचं नाव शोधायचं. जुनं अ‍ॅप लगेच काढून टाकू नका. त्यात ऑफलाइन उतरवलेल्या फाइल असू शकतात आणि अ‍ॅपबरोबर त्याही जातात.

सूचना. नव्या सिस्टीममध्ये सूचनांच्या सेटिंग नव्याने सुरू होतात. ‘असाइनमेंटची तारीख बदलली’ आणि ‘मार्क आले’ या दोन सूचना चालू आहेत ना, ते पहिल्याच दिवशी बघा.

वेळ. परदेशी विद्यापीठाचा कोर्स भारतातून करत असाल तर प्रोफाइलमधला टाइम झोन तपासा. रात्री ११:५९ ची मुदत नेमकी कुठल्या गावच्या घड्याळाप्रमाणे आहे, यावर असाइनमेंट वेळेत की उशिरा हे ठरतं.

## बदलाच्या काळात फसवणूक वाढते

सगळ्यांना नवीन लॉगिनची सूचना अपेक्षित असते. फसवणाऱ्याला याहून सोयीची वेळ नाही. "तुमचं खातं नव्या पोर्टलवर नेण्यासाठी इथे पासवर्ड टाका" असा मेल आला तर थांबा.

- लिंकवर टॅप करू नका. कॉलेजच्या मुख्य वेबसाइटवरून नवीन पोर्टलवर जा.
- खातं हलवण्यासाठी कोणालाही तुमचा पासवर्ड किंवा ओटीपी लागत नाही. ते काम सर्व्हरवर होतं.
- व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल कधीच टाकू नका. अ‍ॅप फक्त प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअरवरून.
- एलएमएस अ‍ॅपला कॅमेरा किंवा फाइलची परवानगी लागू शकते. एसएमएस वाचायची परवानगी मागत असेल तर काहीतरी गडबड आहे.
- पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

## जुनं पोर्टल बंद व्हायच्या आत: कामांची यादी

कोणतीही सिस्टीम असो
- जमा केलेली प्रत्येक असाइनमेंट उतरवा.
- शिक्षकांचे शेरे असलेली कॉपी वेगळी उतरवा. तुमची मूळ फाइल आणि तपासलेली फाइल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.
- मार्कांचं पान ब्राउझरच्या ‘प्रिंट’मधून पीडीएफ म्हणून ठेवा. नाव, विषय, तारीख दिसायला हवं.
- ज्या असाइनमेंटबद्दल वाद आहे, तिच्या ‘जमा झाली’ या नोंदीचा वेळेसकट स्क्रीनशॉट घ्या.
- प्रत्येक विषयाचा सविस्तर अभ्यासक्रम ठेवा.
- सगळं सत्र आणि विषय अशा फोल्डरमध्ये, दोन जागी ठेवा. एक कॉपी कॉलेजच्या खात्याबाहेर हवीच.

मूडल
- प्रत्येक विषयात जाऊन फाइल उतरवाव्या लागतात.
- प्रोफाइलमध्ये ‘वैयक्तिक माहितीची मागणी’ असा पर्याय कॉलेजने चालू ठेवला असेल तर तुमच्या सगळ्या माहितीची एकत्र फाइल मागता येते. ती तयार व्हायला वेळ लागतो, शेवटच्या दिवशी मागू नका.

कॅनव्हास
- खात्याच्या सेटिंगमध्ये ‘डाउनलोड सबमिशन्स’ हे बटण असतं. जमा केलेल्या फाइल एकत्र झिप होऊन मिळतात. ब्राउझरवरून करा, अ‍ॅपवरून नको.
- शेरे त्यात आलेच असतील असं धरून चालू नका. ते पानावर जाऊन बघा आणि जपून ठेवा.

गूगल क्लासरूम
- तुमच्या फाइल कॉलेजच्या गूगल खात्याच्या ड्राइव्हमध्ये असतात. खातं बंद झालं की ड्राइव्हही बंद.
- गूगलने शिक्षण संस्थांसाठीची अमर्याद जागा २०२१ मध्ये बंद करायचं जाहीर केलं. आता सगळ्या संस्थेला मिळून मूळ १०० टेराबाइट जागा मिळते. त्यामुळे पास झालेल्यांची खाती बंद करण्याचं कारण संस्थांना आहे.
- ‘गूगल टेकआउट’ने डेटा उतरवता येतो. ‘ट्रान्सफर युवर कंटेंट’ या सोयीने ड्राइव्ह आणि मेल थेट स्वतःच्या खात्यात पाठवता येतात. संस्थेने हे बंद ठेवलं असेल तर फाइल हाताने उतरवा.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मूडल एकदम वेगळं दिसायला लागलंय. सिस्टीम बदलली का?
बहुतेक नाही. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या मूडल ४.० मध्ये रूप बरंच बदललं. तुमच्या कॉलेजने जुन्या आवृत्तीवरून नवी घेतली असेल तर डेटा जागेवरच असतो. पत्ता तोच आहे का आणि जुने विषय दिसतात का, एवढं बघा.

एलएमएसवरचे मार्क आणि मार्कशीटवरचे मार्क वेगळे आहेत. खरे कुठले?
अधिकृत मार्क परीक्षा विभागाचे. एलएमएसवरचे मार्क हे शिक्षकाच्या वहीतल्या नोंदीसारखे असतात. पण फरक असेल तर एलएमएसच्या पानाची पीडीएफ हाच तुमचा आधार आहे. ती घेऊनच विभागात जा.

क्रेडिटचं काय? तेही हलवावे लागतात का?
नाही. अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स ही वेगळी राष्ट्रीय व्यवस्था आहे. तिथे विद्यापीठ निकालानंतर क्रेडिट पाठवतं. स्वयम पोर्टलवर केलेले कोर्सही तुमच्या कॉलेजच्या एलएमएसपासून स्वतंत्र असतात.

जुनं पोर्टल बंद झालंय. आता काही करता येईल?
येऊ शकतं. लिंक बंद झाली म्हणजे डेटा त्याच क्षणी पुसला गेला असं नाही. संस्था सहसा काही काळ बॅकअप ठेवते. विभागप्रमुख आणि आयटी विभाग, दोघांना लेखी मेल करा. मेलमध्ये विषयाचं नाव, सत्र, वर्ष, शिक्षकाचं नाव आणि नेमकी कोणती फाइल हवी ते लिहा. "माझा सगळा डेटा द्या" यापेक्षा "या सत्रातला या विषयाचा तपासलेला प्रोजेक्ट रिपोर्ट द्या" ही मागणी पूर्ण होणं सोपं असतं. शिक्षकांनाही विचारा. पुष्कळ शिक्षक तपासलेल्या फाइल स्वतःच्या कॉम्प्युटरवर ठेवतात.

विद्यार्थ्यांना आधी सांगणं कॉलेजचं काम नाही का?
आहेच. बंद व्हायची नक्की तारीख, काय येणार आणि काय येणार नाही याची यादी, आणि कॉपी काढायला किमान एक सत्राची मुदत, या तीन गोष्टी विद्यार्थी प्रतिनिधीमार्फत मागायला हरकत नाही. "लवकरच बंद होईल" ही तारीख नव्हे.

एलएमएस ही भाड्याची खोली आहे असं समजा. मालक बदलतो, करार संपतो, खोली सोडावी लागते. आज जुन्या पोर्टलवर लॉगिन होत असेल, तर वरच्या यादीतलं पहिलं काम आजच करा: जमा केलेल्या असाइनमेंट उतरवून घ्या. आणि वर्गात कोणाची एटीकेटी राहिली असेल किंवा कोणी गॅपवर असेल, तर त्यालाही ही सूचना पाठवा. ग्रुपवर तो नसण्याची शक्यताच जास्त आहे.